वऱ्हाडातल्या खोलीसाठी गेमिंग आणि स्ट्रीमिंगचा पीसी: पार्ट कसे निवडले

"मामाजी, ग्राफिक कार्ड कोणतं घेऊ तेवढं सांगून द्या. बाकीचं मी पाहून घेतो."

२०२५ च्या मे महिन्यात मूर्तिजापूरहून भाच्याचा फोन आला. दोन वर्षं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करून त्याने एक लाख दहा हजार रुपये साठवले होते. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचं, खेळताना वऱ्हाडीतून बोलायचं आणि ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं, हे त्याचं ठरलं होतं. त्याच्या मनातला हिशोब असा होता की पन्नास हजारांचं कार्ड घ्यायचं आणि उरलेल्यात बाकी सगळं बसवायचं.

मी म्हटलं, "पहिले तुझ्या खोलीचा फोटो पाठव. अन् ज्या बोर्डात पीसी लावणार त्याचाही."

अकोल्यात मी अकरा वर्षांपासून पीसी जोडून देतो. या काळात माझ्याकडे परत आलेल्या मशिनींपैकी बहुतेक चुकीच्या कार्डामुळे आलेल्या नव्हत्या. उष्णता, धूळ, कमीजास्त होणारी लाइन आणि स्वस्तातला पॉवर सप्लाय यांनी त्या आणल्या होत्या. यूट्यूबवरच्या याद्या चांगल्या असतात, पण त्या एसीच्या खोलीत बसून केलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि खिडकीत कूलर घरघरत असतो. म्हणून मी यादी खोलीपासून सुरू करतो.

आधी वायरमन, मग दुकानदार

फोटोत तीन पिनांचं सॉकेट दिसत होतं. त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून रविवारी मी स्वतः गेलो. बहिणीचं घर जुनं आहे. भाच्याचा जुना पीसी चालू करून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर दिवा लागला. भाचा म्हणाला, "पायात चप्पल नसली की झिणझिण्या येतात, पण ते तर सगळ्याइच्याच पीसीले असते ना?"

तसं नसतं. पॉवर सप्लायच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो आणि हात लावणाऱ्याला चटका देतो. माइकमध्ये जो 'घूं' असा आवाज येतो त्याचंही एक मोठं कारण हेच, आणि मग लोक नवा माइक घेत बसतात.

सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. वायरमन बोलावला, अंगणात खड्डा घेतला, प्लेट पुरून कोळसा-मीठ भरलं, वायर बोर्डापर्यंत आणली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं तर दोनच्या आत आलं. साडेतीन हजार खर्च झाला. भाच्याचं तोंड उतरलं होतं, कारण तेवढ्यात मोठी एसएसडी (गेम आणि फाइली साठवायची वेगवान ड्राइव्ह) आली असती. पण हे काम तुमच्याही यादीत पहिलं असू द्या, आणि ते स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

त्याच दिवशी दुसरी तपासणी केली ती इंटरनेटची. रात्री नऊ वाजता, सगळं गाव ऑनलाइन असताना, अपलोडचा वेग पाहिला. डाउनलोडचा आकडा स्ट्रीमिंगला उपयोगाचा नाही. १०८० पी (फुल एचडी), सेकंदाला ६० फ्रेम असा स्ट्रीम ६,००० केबीपीएसने पाठवायचा तर सतत ६ एमबीपीएस अपलोड लागतं, आणि तासाला २.७ जीबी डेटा जातो. मी अपलोडच्या निम्म्याच्या वर बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ठेवू देत नाही, म्हणजे किमान १२ हवेत. भाच्याच्या फायबरवर १८ मिळाले. तुमच्याकडे आठच मिळत असतील तर ७२० पी वर स्ट्रीम करा आणि महागड्या कार्डाचा विचार बाजूला ठेवा, कारण ते चित्र पाहणाऱ्यापर्यंत पोचणारच नाही. राउटरपासून पीसीपर्यंत लॅन केबल ओढा. वायफायवर लाइव्ह करू नका.

कार्ड: एनकोडर आणि कूलरचा आवाज

खेळणं आणि स्ट्रीम करणं ही दोन कामं एकाच वेळी चालतात. गेमचं चित्र बनवायचं, आणि त्याच क्षणी ते दाबून, लहान करून इंटरनेटवर पाठवायचं. हे दुसरं काम पूर्वी प्रोसेसरच्या गळ्यात पडायचं, म्हणून आठ-दहा कोरचे प्रोसेसर घ्यावे लागत. आता ग्राफिक कार्डावर एनकोडिंगसाठी वेगळा भाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डात त्याला एनव्हेंक म्हणतात. २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचा दर्जा इतका सुधारला की मधल्या बजेटमध्ये स्ट्रीमिंगसाठी मोठा प्रोसेसर घेण्याचं कारण उरलं नाही. ४० मालिकेपासून त्यात एव्ही१ ही व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत सुद्धा आली. ती यूट्यूब स्वीकारतं आणि ती कमी बिटरेटमध्ये जास्त स्वच्छ चित्र देते. अपलोड कमी असलेल्या गावात ही मोठी सोय आहे.

आम्ही आरटीएक्स ५०६० घेतलं. ८ जीबी मेमरी, १४५ वॅट. ८ जीबीवर बरीच टीका होते आणि ती रास्त आहे. नव्या मोठ्या गेम १०८० पी वरही हाय टेक्स्चरला ८ जीबी भरून टाकतात, वर स्ट्रीमिंग थोडी मेमरी खातं. तुम्हाला अशाच गेम खेळायच्या असतील आणि थोडे जास्त पैसे टाकता येत असतील तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं, घ्या. एएमडीचा एनकोडर पूर्वी मागे होता, या पिढीत तो चांगला सुधारला आहे. पण भाच्याच्या दोन्ही गेम जुन्या, हलक्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतला कूलर होता.

स्ट्रीम पाहणारा माणूस चित्रातली थोडी खरखर सहन करतो, आवाजातली नाही. आरटीएक्स कार्डावर एनव्हिडियाचं ब्रॉडकास्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. ते माइकमधून मागचा आवाज काढून टाकतं. मी कूलर फुल्ल सोडून, भाच्याला बोलायला लावून ऐकलं आहे. पंख्याचा आवाज जातो, शब्द राहतात. ओबीएस, म्हणजे ज्यातून स्ट्रीम पाठवतात ते सॉफ्टवेअर, त्यातही आवाज दाबणारा फिल्टर आहे, तोही वाईट नाही, पण कूलरच्या घरघरीपुढे ब्रॉडकास्ट सरस वाटलं. माइक मात्र डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक स्टुडिओसाठी असतो, तो गल्लीतल्या भाजीवाल्यालाही स्ट्रीमवर आणतो. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवायचा, लांब टेबलावर नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम

प्रोसेसर रायझन ५ ७६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅटच्या वर्गातला. एनकोडिंग कार्डाने उचलल्यावर याच्याहून मोठा लागत नाही. बाजारात याचा स्वस्त भाऊ ७५००एफ मिळतो, आणि गेममध्ये दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. तरी मी ७६०० च घ्यायला लावला, कारण त्यात स्वतःचं छोटं ग्राफिक आहे. मोठ्या शहरात याची किंमत कळत नाही. इथे कार्ड वॉरंटीत गेलं की ते नागपूरला किंवा मुंबईला जातं आणि कधीकधी महिना लागतो. तोवर मशिन डब्बा होऊन पडू नये. पीसी चालूच होत नसेल तर कार्ड काढून, मदरबोर्डाच्या पोर्टला मॉनिटर लावून दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. नावात 'एफ' असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांनाही हेच लागू आहे.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, एएम५ सॉकेटचा. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही चालवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. आधीच्या एएम४ ला २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले होते, म्हणून मी त्या शब्दावर विसंबतो. बोर्ड घेताना दिव्यांकडे पाहू नका. प्रोसेसरच्या बाजूला जे वीज पुरवणारे भाग असतात त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा ठोकळा) आहे का ते पाहा. आणि मागचे यूएसबी पोर्ट मोजा. कीबोर्ड, माऊस, माइक, कॅमेरा, हेडफोन, एखादा पेन ड्राइव्ह, इतक्यातच सहा झाले.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. गेम, ओबीएस, ब्राउझरमध्ये चॅट आणि एक-दोन बारक्या गोष्टी एकत्र उघडल्या की १६ जीबी गच्च होते. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करायचं, नाहीतर पैसे ६००० चे आणि वेग ४८०० चा मिळतो. जोडल्यावर पहिल्यांदा चालू केलं की एएम५ चा बोर्ड रॅम ओळखायला वेळ घेतो. पंखे फिरतात, स्क्रीन काळी, तीन-चार मिनिटं काहीच दिसत नाही. घाबरून बटण दाबू नका. भाच्याने दोनदा हात पुढे केला, मी दोनदा मागे घेतला.

रॅमबद्दल एक सांगायला हवं. आम्ही घेतली तेव्हा ती नऊ हजारांत आली. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटी भाव भडकले. तुम्ही घ्याल तेव्हाचा भाव पाहून ठरवा. फारच चढा असेल तर १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसऱ्या खाचेत लावा आणि चौथी रिकामी ठेवा. थोडा वेग जाईल, पण नंतर तशीच दुसरी पट्टी जोडता येईल. ८-८ च्या दोन घेतल्या तर वाढवताना त्या बहुधा काढूनच टाकाव्या लागतात.

एसएसडी १ टीबी, थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई, जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची. जेन ५ च्या मागे जाऊ नका, ती तापते आणि गेममध्ये फरक दिसत नाही. स्ट्रीमसोबत रेकॉर्डिंगही ठेवायचं असेल तर २०,००० केबीपीएसने तासाला ९ जीबी जातात. त्यासाठी जुन्या पीसीतली हार्ड डिस्क आम्ही तशीच यात बसवली.

पॉवर सप्लाय आणि यूपीएस

२०१९ मध्ये एका गिऱ्हाइकाने कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला, '५०० वॅट' लिहिलेला सप्लाय आणला होता. मी नको म्हटलं, त्याने हट्ट धरला, मी बसवून दिला. पावसाळ्यात एका रात्री लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि सप्लाय जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. तो मुलगा डी. एड. करत होता, कार्ड त्याने हप्त्यावर घेतलं होतं. त्याने मला एक शब्द बोलला नाही. त्यानंतर मी तसला सप्लाय एकाही मशिनीत बसवलेला नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आमच्या मशिनीचा हिशोब असा: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १४५, बाकी सगळं मिळून पन्नासच्या आसपास. तीनशेच्या आत. तरी ६५० वॅटचा घेतला, कारण निम्म्या भारावर सप्लाय कमी तापतो आणि पुढे मोठं कार्ड टाकता येतं. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. संरक्षणाबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून वॉरंटी किमान पाच वर्षं आहे का पाहा, हातात घेऊन वजन पाहा, आणि स्टिकर वाचा. इनपुटला '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं हवं. अनेक स्वस्त सप्लायवर '२००–२४०' असतं. संध्याकाळी पंप सुरू झाले की आमच्या इकडे लाइन १८० वर येते, तेव्हा असा सप्लाय मशिन बंद पाडतो.

यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, वॅट नाही. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. कागदावर ते पुरतं, पण गेम चालू असताना लाइट गेली की त्या एका क्षणाच्या धक्क्याने असे यूपीएस ट्रिप होताना मी पाहिले आहेत. १,१०० व्हीएचा घ्या. राउटरही त्यावरच ठेवा, नाहीतर पीसी चालू आणि स्ट्रीम बंद. यूपीएस खिडकीजवळ उन्हात ठेवू नका, उष्णतेने बॅटरी लवकर मरते.

कॅबिनेट, धूळ आणि खारं पाणी

मूर्तिजापूर कापसाच्या पट्ट्यातलं गाव. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हवेत रुईचे तंतू असतात. भाच्याच्या जुन्या कॅबिनेटचा पुढचा फिल्टर मी काढला तेव्हा त्यावर वाकळेसारखा पांढरट-करडा थर होता, नखाने पकडला तर अख्खा सोलून हातात आला. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं, फिल्टर एका झटक्यात निघेल असं. समोर पूर्ण काच असलेलं दिसायला सुंदर असतं, पण हवा घ्यायला त्याला जागाच नसते. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. हवा बाहेर जाते त्यापेक्षा जास्त आत आली की फटीफटींतून धूळ शिरत नाही. हंगामात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सुसाट फिरू देऊ नका.

प्रोसेसरसोबत डब्यात त्याला थंड ठेवणारा छोटा कूलर येतो. थंड खोलीत तो चालतो. आमच्या मे महिन्यात नाही, कारण ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे आणि खोलीच ४० ची असेल तर ती गाठायला वेळ लागत नाही. बावीसशे रुपयांचा उभा, १२० मिलिमीटर पंख्याचा एअर कूलर लावला. पाण्याच्या लिक्विड कूलरची शिफारस मी करत नाही. पंप बिघडला तर इथे तो बदलून मिळेपर्यंत मशिन बंद.

आता खिडकीतल्या कूलरबद्दल, कारण हे कोणत्याच यादीत सापडत नाही. पीसी थंड राहावा म्हणून लोक तो कूलरच्या झोतासमोर ठेवतात. मूर्तिजापूर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतं. बोअरचं पाणी खारं. कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरं मीठ चढतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. झोतात बारीक तुषार असतात आणि त्यांच्यासोबत तेच मीठ बोर्डावर जाऊन बसतं. अशा एका बोर्डावर रॅमच्या खाचेजवळ हिरवट गंज मी भिंगाखाली पाहिला आहे. पीसी झोताच्या रेषेबाहेर, बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा म्हणजे दमट हवा साचणार नाही.

खरेदी

आम्ही दोघं मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून कॉम्प्युटर पार्टांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत पाच-सात मिनिटं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा जाऊ नका. यादी कागदावर लिहून न्या आणि त्यात बदल सुचवला तर "विचार करून येतो" म्हणून बाहेर पडा. चार दुकानं फिरल्यावर भाव कळतो. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्या. कच्च्या बिलावर दोन हजार वाचतात आणि तीन वर्षांची वॉरंटी धोक्यात येते.

तेव्हाचे आमचे आकडे: प्रोसेसर १७,५००, बोर्ड १२,०००, रॅम ९,०००, एसएसडी ५,८००, कार्ड ३०,५००, सप्लाय ५,८००, कॅबिनेट ४,२००, एअर कूलर २,२००. झाले ८७,०००. मॉनिटर २४ इंची, आयपीएस, १८० हर्ट्झ, ९,५००. यूपीएस ५,५००. माइक ४,०००. अर्थिंगचे साडेतीन हजार धरून १,०९,५००. कॅमेरा म्हणून त्याचा जुना मोबाईल वापरला.

पहिला स्ट्रीम

मशिन जोडून झाल्यावर लगेच लोकांसमोर जाऊ नका. यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसणारा) स्ट्रीम लावा आणि दुपारी तीन वाजता, सगळ्यात तापलेल्या वेळी, दोन तास खेळा. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवा. तिथे तीन आकडे असतात. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर कार्ड गेममध्येच संपतंय. गेमची फ्रेम मर्यादा घाला आणि ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एनकोडिंग लॅग वाढत असेल तर बहुधा सेटिंगमध्ये एनकोडर चुकून एक्स२६४ वर, म्हणजे प्रोसेसरवर राहिलाय. तो एनव्हेंकवर न्या. नेटवर्कचे ड्रॉप वाढत असतील तर पार्टचा दोष नाही, बिटरेट हजाराने कमी करा.

भाच्याचा पहिला स्ट्रीम जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला, मृग लागायच्या आधी. खोलीत ४१ अंश, प्रोसेसर ७८, कार्ड ७१. पावणेदोन तासांनी लाइट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, खोलीत एकदम शांतता झाली. स्क्रीन चालूच होती आणि भाचा बोलतच होता. ओबीएसवर ड्रॉप झालेल्या फ्रेम शून्य.